डोक्याला जागा

राहात्याच्या भिकानानांचं नाव आधी सांगतो, बाकीचं मग. ते नसते तर मी कधीच माझ्या गावाकडची, चंद्रपूरची गाडी धरली असती, आणि तिकडं जाऊन काय केलं असतं ते अजूनही सुचत नाही.

नाना बाटल्यांचं बोलणं ऐकत. जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत पाकातले पेरू भरायचे, बाटल्या पातेल्यात उकळायच्या, आणि खाली काढल्या की घरात कुणी खोकायचंसुद्धा नाही. गार होताना पत्र्याचं झाकण आत ओढलं जाऊन 'टक' वाजतं. तो आवाज आला की "झाली पॅक!" म्हणत नाना मांडीवर थाप मारत. एकदा नेमक्या त्याच वेळी पोस्टमन सायकलची घंटी वाजवत आला. नाना दारात जाऊन म्हणाले, "मनिऑर्डर असंल तरी मागनं या. आत पेरू बोलत्यात."

साखर कारखान्यातून रिटायर झालेला एकटा माणूस. बायको वारलेली, मुलगी बेबी इंदूरला दिलेली. बेबीला राहात्याचा पेरू जीव की प्राण. पण पेरू थंडीतला, आणि बेबी येणार पोरांना सुट्टी लागल्यावर, मे महिन्यात. तोवर पेरू टिकवायचा, एवढ्यासाठी हा खटाटोप. एका साली बुरशी आली, पुढच्या साली बाटल्या फसफसल्या.

मग कुणीतरी सांगितलं की शिर्डीच्या सायबर कॅफेत अमेरिकेतल्या बाया फळं कशी भरतात ते दिसतं. शेजारच्या लॉजवर मी चादरी बदलायचो. नानांनी मला रस्त्यातच धरलं.

"पोरा, एबीसीडी येती का?"

"येते काका, पण आठवीतनं शाळा सुटली. अर्थ नाही लागत."

"अर्थ मी लावतो. तू फकस्त अक्षरं वळख."

पान इतकं सावकाश उघडत होतं की नानांनी दोनदा चहा मागवला. शेवटी कॅफेवालाच वाचून सांगू लागला. 'हेडस्पेस' या शब्दाशी तो अडला, मग ठोकून दिलं, "डोक्याला जागा ठेवा. अर्धा इंच."

"कुनाच्या डोक्याला?"

"असंच लिहिलंय."

नाना विचारात पडले. "बराबर हाय. पेरू उकळीत फुगतो. त्याला डोकं वर काढाया जागा नगं व्हय? आपुन गळ्यापत्तुर कोंबत हुतो!"

तेव्हापासून त्यांना दुसरं सुचेना. चहा काठोकाठ आला की, "डोक्याला जागा ठेव की रं!" टेम्पोत माणसं कोंबणाऱ्या ड्रायव्हरलाही तेच. सुट्टीच्या दिवशी मला जेवायला बसवत, तेव्हा माझ्या ताटापुरतं मात्र विसरत.

त्या साली एकही बाटली बिघडली नाही.

मे महिन्यात शेजाऱ्यांकडे बेबीचा फोन आला. सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं होतं, येणं जमणार नव्हतं. "बरं बरं, त्यांला जप," एवढंच नाना बोलले.

त्याच आठवड्यात गर्दी वाढली म्हणून लॉजमालकानं माझी जिन्याखालची झोपायची जागा सामानाला घेतली. "तुझं तू बघ," म्हणाला. मी वळकटी उचलली आणि नानांचा निरोप घ्यायला गेलो. खोलीत बेबीसाठी मांडलेली खाट तशीच होती. नवी चादर, तिनंच भरलेल्या अभ्र्याची उशी.

"गावाकडं जातो, नाना."

"गावाकडं कोन हाय?"

मी वळकटीची दोरी आवळत राहिलो. नानांनी वळकटी काढून घेतली आणि खाटेखाली सरकवली.

"टेक हितं. डोक्याला जागा हाय."

मग त्यांनी एक बाटली उघडली. झाकण पुन्हा 'टक' वाजलं, पण मांडीवर थाप पडली नाही. एक फोड त्यांनी तोंडात घोळवली. "ग्वाड झालाय," म्हणाले, आणि बाकीची बाटली माझ्यापुढं सरकवली.

आता मी कामासाठी बाहेरगावी असतो; माझी स्वतःची खोली अजून झालेली नाही. उशी मात्र एक जास्तीची घेऊन ठेवलीय. खोली होईल त्या दिवशी राहात्याला जाऊन नानांना मी हाताला धरून आणणार आहे.