वानखेडे काका आणि तो बिनकामाचा पाइप

वानखेडे काकांना काहीही दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला: "अन् पलटलं तं?"

मी नवा कुकर आणला. "पलटला तं?" शेजारी बाळाची स्ट्रोलर घेऊन आले, तर बाळ राहिलं बाजूला, "पलटली तं?" गणपतीच्या मखरालासुद्धा त्यांनी मागून दोन बोल्ट मारलेले! शपथ!

मी कॅनडात, विनिपेगमध्ये त्यांच्या बेसमेंटला भाड्यानं राहते. काका मूळचे नागपूरचे, इथं बसच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. वर्षभर गराजमध्ये एकच उद्योग: जुन्या ऑफ-रोड जीपमध्ये रोल केज बसवणं. म्हणजे गाडीच्या आत स्टीलच्या पाइपांचा पिंजरा. गाडी उलटली तरी छत डोक्यावर येत नाही.

"ऑफ-रोडिंगचा शौक आहे नं मले." हो का? चिखल दिसला की हा माणूस रस्ता बदलतो!

खरं कारण मला माहीत होतं. दोन विंटरपूर्वी हायवेवर ब्लॅक आइसवरून, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फावरून, घसरून त्यांची कार पलटली. काका चालवत होते, सुनंदाकाकू शेजारी. दोघांचं खरचटण्यावर निभावलं. पण तेव्हापासून काकू त्यांच्या गाडीत बसलेल्या नाहीत. उणे तीसमध्ये बसस्टॉपवर उभ्या राहतील, ग्रोसरी पाठीवरून आणतील, पण नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पिंजरा झाला की रविवारी बसून पाहीन. एकदाच. नाही जमलं तं हा विषय बंद."

काकू सिरियल बघत बसल्या की काका मागून गुपचूप मोजायची टेप लावायचे. डोक्यापासून वर किती जागा हवी! मी दोनदा पकडलंय.

एक पाइप मात्र मला कळेना. पॅसेंजरच्या पायाशी आडवा, छोटासा. "काका, ह्याच्यावर कसलाच भार नाहीये. काढा की."

"तुले नाही दिसत. राहू दे."

शनिवारी कठीण काम होतं. केज छताला इतका चिकटून, की जॉइंटच्या वरच्या बाजूला वेल्डिंग गन जातच नाही. म्हणून फ्लोअरला भोकं पाडून अख्खा केज खाली सोडलेला. वरून वेल्ड झालं होतं. आता जॅकनं उचलायचा आणि केजच्या पायांखाली, भोकांवर, प्लेटी सरकवायच्या. जॅकवर काका, प्लेटी माझ्याकडे.

"बोटं आत नको घालू, पोरी. काठीनं ढकल."

एक इंच. दोन इंच.

जॅक सटकला. धडाम्!

कुणाला लागलं नाही. पण दारात काकू उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. त्यांनी ट्रे फ्रीजरवर ठेवला, आत जाऊन दार लावून घेतलं.

काका बंद दाराकडे बघत राहिले. "असाच आवाज होता बे, त्या दिवशी," म्हणाले. मग परत जॅक लावला. दुपारपर्यंत सगळ्या प्लेटी बसल्या, वेल्ड झाल्या.

रविवारी दहाला काका स्टिअरिंगवर बसले. दहा वाजून वीस मिनिटं झाली. साडेदहा. मी मागच्या सीटवरून दार बघतेय. उतरून काकूंना बोलवावं का? काकांनी आरशातूनच मान हलवली. नको.

दार उघडलं. काकू बूट चढवून आल्या, बसल्या, बेल्ट लावला. हात मांडीवर घट्ट.

जीप गल्लीतून अगदी सावकाश निघाली. कोपऱ्यावर अचानक एक ट्रक आडवा आला, आणि काकूंचा उजवा पाय सवयीनं दाबला गेला. थेट त्या पाइपवर!

त्याच क्षणी काकांनी ब्रेक मारला. ट्रक निघून गेला. काकू खाली वाकून बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

"तुझा ब्रेक." काका समोरच बघत होते. "त्या दिवशी तू माझ्याआधी असाच पाय दाबला होता. म्या पाहिलं, अन् तरी नाही थांबलो."

जीप तिथंच, इंजिन चालू. मागं कुणीतरी हॉर्न वाजवला. काका हलले नाहीत.

मग काकूंनी पाइपवरचा पाय जरासा उचलला.

काकांनी जीप पुढे घेतली.