ब्रेक दाबला की भॉऽऽ

घाईरावांनी ब्रेकवर पाय ठेवला की त्यांची पिकअप बोंबलायची. पाय उचलला की गप्प. वायरिंगमध्ये कुठे काय चिकटलं होतं देव जाणे, पण हॉर्न घसा बसलेल्या माणसासारखा ‘भॉऽऽ’ करायचा. आणि घाईरावांचा धंदा काय, तर पहाटे बेकरीचा पाव घेऊन गल्लोगल्ली थांबायचं! म्हणजे घडोघडी ब्रेक.

शेवटी एका निवृत्त जजसाहेबांनी बेकरीत जाऊन तक्रार ठोकली. मालकीणबाईंनी घाईरावांना बोलावून घेतलं.

“सोमवारपर्यंत तो भोंगा बंद करा. नाहीतर मी दुसरी गाडी बघते.”

घाईरावांच्या गाडीचे हप्ते याच भाड्यातून जात होते. त्यांनी तडक इलेक्ट्रिशियनचं गॅरेज गाठलं.

“किरकोळ आहे, शेठ. ब्रेकचा स्विच बदलू.”

त्या किरकोळाचे आठशे झाले. आता ब्रेक दाबला की हॉर्न तर वाजेच, वर वायपरही फिरू लागले.

“म्हणजे फॉल्ट सापडत चाललाय,” इलेक्ट्रिशियन खुशीत म्हणाला.

मग रिले बदलला, पंधराशे. मग अर्धं वायरिंग उपसलं, चार हजार. घाईराव येरझारा घालत “झालं का? झालं का?” करत होते.

“अहो, बसा की जरा! तुमच्या फेऱ्यांनी मलाच गरगरतंय.”

रविवारी संध्याकाळी नवा हॉर्नही बसला आणि गाडी एकदाची गप्प झाली.

सोमवारी पिकअप मांजरीसारखी गल्ल्यांतून फिरली आणि अर्धा पाव तसाच घेऊन परतली. मंगळवारी तेच. दारं उघडेचनात! घाईरावांनी नवा हॉर्न वाजवून पाहिला. तो इतका सभ्यपणे ‘पीं’ म्हणाला की एक कुत्रं तेवढं शेपटी हलवत आलं. बुधवारी तर क्रेट जवळजवळ भरलेलेच राहिले. वरून जजसाहेब गॅलरीतून गरजले.

“आहात कुठे तुम्ही? तुमचं ते भसाडं ऐकून मी पिशवी घेऊन उतरत होतो!”

“पण साहेब, तक्रार तर तुम्हीच...”

“हळू वाजवा म्हटलं होतं मी. बंद करा कुठे म्हटलं?”

मालकीणबाईंनी शिळ्या पावाचा ढीग दाखवला. “उद्यापासून पहिल्यासारखं वाजलं पाहिजे. नाहीतर दुसरी गाडी.”

घाईराव पुन्हा गॅरेजात धावले. “जुना हॉर्न लाव बाबा, आणि ब्रेकलाच जोड!”

“बिघाड काढायचे वेगळे, बसवायचे वेगळे पैसे पडतील, शेठ. पण तो हॉर्न आता कुठला? कालच एका पिकअपवाल्याला लावून दिला. नवीन बेकरी काढलीय त्याने. सकाळी सगळा माल खपला म्हणून आत्ताच पेढे... छे, नुसतेच आभार मानून गेला.”

घाईरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं, म्हणून ते घरी आले. ताटात पाव होता, त्यांच्या बेकरीचा नव्हे.

“हा कुठला?”

“सकाळी भॉऽऽ ऐकलं,” बायको म्हणाली. “म्हटलं, यांची गाडी पुन्हा बिघडली! जीव मुठीत धरून धावले, तर दुसराच कोणी. आता गेलेच होते म्हणून घेतला. खाऊन तर बघा.”

घाईरावांनी रागारागाने मोठा घास घेतला. पाव इतका मऊ होता की ओरडताच येईना.

“आवडला ना?” ती म्हणाली. “मी रोजचा लावलाय त्याच्याकडे. तुमच्या गाडीचा काय भरवसा?”