शिट्टी झाली तेव्हाचा मंगळ

"ज्योतिष हे शास्त्र आहे! वेळ बरोबर द्या, उत्तर बरोबर घ्या!" वामनराव डोंबिवलीत भेटेल त्याला ठणकावून सांगत. उभा जन्म स्टेशनमास्तरकीत गेलेला. सिग्नल काय आणि ग्रह काय, आपल्याला विचारल्याशिवाय हलत नाहीत अशी त्यांची खात्री होती.

म्हणूनच एकुलत्या एका लेकीला, प्रमोदिनीला, कल्याणचा रघु मनापासून आवडला, तरी वामनरावांनी आधी त्याची पत्रिका मांडली आणि हात झटकले. "सातव्यात मंगळ! आपली मुलगी बिनमंगळाची. जमायचं नाही!"

प्रमोदिनीने ताट बाजूला सारलं. लेकीचं तोंड बघून वामनरावांच्याही घशाखाली घास उतरेना, पण शास्त्रापुढे ते तरी काय करणार!

रविवारी रघुची आई विमलाबाई मुलाला घेऊन तावातावाने दारात हजर!

"पत्रिका कुठल्या घड्याळाने मांडलीत हो?"

"कुठल्या म्हणजे? स्टँडर्ड टाइम! रेल्वेचा!"

"तरीच! आमच्या घरात अजून मुंबई टाइम चालतो. तुमच्या रेल्वेपेक्षा चांगला अर्ध्या तासाहून जास्त मागे!"

वामनरावांनी पंचांग ओढलं, बोटं मोजली आणि ओरडले, "लग्न बदललं!"

"अहो, अजून ठरलं नाही, बदलतंय कसलं?" त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"पत्रिकेतलं गं! मंगळ सहाव्यात गेला. मुलगा निर्दोष! याला म्हणतात शास्त्र!"

सुहासिनीबाईंनी पेढे आणले. रघु आता गप्प बसला असता तर! पण शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर तो. त्याने विचारलंच, "मग प्रमोदिनीच्या जन्माची वेळ कुठल्या घड्याळाची?"

"घड्याळ कशाला हवं? खडवलीच्या क्वार्टरमध्ये सकाळच्या पॅसेंजरची शिट्टी झाली आणि ही रडली. मी टाइमटेबलातली वेळ लिहून टाकली. अस्सल स्टँडर्ड!"

"पण गाडी वेळेवर होती का?"

बोलून गेल्यावर रघुने जीभ चावली. प्रमोदिनीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"छे हो!" सुहासिनीबाई भाबडेपणाने म्हणाल्या. "त्या दिवशी रुळावर म्हैस आडवी आलेली ना? गाडी लेट झाली, म्हणून तर तुम्हाला लेकीचं तोंड बघायला यायला उशीर झाला!"

वामनरावांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांना घाम फुटला. जन्म उशिराचा, म्हणजे मंगळ चौथ्यात. पोरगी मंगळाची!

त्यांचा चेहरा बघून विमलाबाईंनी हातातला पेढा ताटलीत परत ठेवला. "मुलीला मंगळ निघत असेल, तर आम्हाला विचार करावा लागेल."

वामनरावांना ती म्हैस लख्ख आठवत होती, अगदी मोडक्या शिंगासकट. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. वामनरावांनी घसा खाकरला.

"म्हैसबिस काही नव्हती! गाडी अगदी वेळेवर होती. मीच... मीच पोर्टरांबरोबर पत्ते कुटत बसलो होतो."

विमलाबाईंनी पेढा उचलला. लग्नही दणक्यात झालं.

ज्योतिष हे शास्त्र आहे, असं वामनराव अजूनही ठणकावून सांगतात, पण हल्ली बाहेर ओट्यावर जाऊन. घरात तोंड उघडलं, की आतून सुहासिनीबाईंचा आवाज येतो, "हो का? आणि तिकडे मी कळा सोसत होते, तेव्हा कुठला डाव चाललेला? तीनपानी?"