पाठीवरचं जांभळं वर्तुळ

लाँड्रीवाल्या काकूंच्या तावडीतून एखादा डाग सुटला, असं आमच्या गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं. शाई असो की गंज, कपडा उजेडात धरून त्या नुसतं "बघतेच याला" म्हणत, आणि डागाचा अर्धा जीव तिथेच जाई!

काका गिऱ्हाइकांकडे गाठोडी पोचवत. त्यांच्या उजव्या खांद्यामागे लिंबाएवढी मऊ गाठ होती. बोटाखाली सरकायची, पण गाठोड्याच्या भाराने हल्ली ठणकू लागली होती. डावीकडे तिची धाकटी बहीण होती; ती बिचारी कोणाच्या अध्यातमध्यात नसे. काकूंनी मनात नको ते आणून झोप घालवली. शेवटी सुई घालून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, चरबीची साधी गाठ आहे, उजवी काढू, डावी राहू दे. त्यांनी काकांना एकट्यालाच आत नेऊन पुन्हा तपासलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला स्वच्छ अंघोळ करून यायला सांगितलं.

स्वच्छ! हे काकूंना सांगायचं?

सकाळी काकांच्या पाठीवर त्यांना जांभळं वर्तुळ दिसलं. कुठे टेकलात शाईला, म्हणून त्यांनी विचारलं. काका काही बोलले नाहीत. काकूंनी साबण, लिंबू आणि काथ्या घेतला. पाठ टोमॅटोसारखी लाल झाली, पण वर्तुळ गेलं.

दवाखान्यात काकांना आत नेल्यावर काकू बाहेर बाकावर बसल्या. शेजारची बाई आपला दंड पदराला लागू देत नव्हती. दंडावर तसंच जांभळं वर्तुळ! काकूंनी विचारलं, तर ती म्हणाली, "डॉक्टरांची खूण आहे. पुसली तर कापायचं कुठे, ते कसं कळणार?"

काकू ताडकन उठल्या. आत डावी-उजवी करत सुरी फिरतेय, असं चित्र डोळ्यांपुढे नाचू लागलं. त्या दारावर धडका मारू लागल्या. नर्स आली. काका भूल घेऊन झोपलेत, एवढंच सांगून तिने दार लावलं. काकू तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, तो डाग राहिला असता तर बरं झालं असतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टर आले. गाठ निघाली होती. उजवीच.

"पण खूण तर मी..." काकू पुटपुटल्या.

"भुलीआधी आम्ही त्यांना बसवून पुन्हा बघतोच," डॉक्टर हसू दाबत म्हणाले. "खूण नव्हती. विचारलं, तर म्हणाले, बायकोने घासून काढली. आणि वर सांगतात, मी मुद्दामच गप्प बसलो. म्हटलं, खूण नाही तर कापणंही नाही. मग मीच नवी काढली, जरा पक्क्या शाईची. टाके निघेपर्यंत पाठीला पाणी लावायचं नाही."

पट्टीच्या कडेने ते जांभळं अर्धवर्तुळ पुढे कितीतरी दिवस डोकावत होतं. काकू येता-जाता त्याच्याकडे बघत आणि हात पदरात गुंडाळून घेत. आणि काका? ते रोज उघड्या अंगाने, नेमके त्यांच्याकडेच पाठ करून जेवायला बसत.