ऋतुराजकडची माणसं

आमच्या निरवडीत प्रेमकादंबरी छापायची असेल, तर आधी तिच्यातल्या नायक-नायिकेचं लग्न लावून द्यावं लागतं. लग्न न लावता कागद यंत्रावर चढवला की पानं कोरी निघतात. फार पूर्वी एका ड्रॉइंगमास्तरांनी घाई केली होती. त्यांची सगळी आवृत्ती कोरी निघाली आणि शेवटी ती शाळेत चित्रकलेच्या वह्या म्हणून वाटून टाकावी लागली. कागद चांगला होता. मुलं खूश झाली.

माझा इथे छापखाना आहे. आपटीकर म्हणून लोक मला ओळखतात. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं आणि प्रेमकादंबऱ्या यांवर माझं पोट चालतं. तिन्हीत आश्वासनांची चंगळ असते, त्यामुळे मी कशालाच लवकर भुलत नाही.

रीत अशी आहे. लेखिकेनं शेवटच्या पानावर ‘समाप्त’ लिहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी दाराशी येतात. नायिका लेखिकेकडे उतरते, कारण लेखिका मुलीकडची. नायक प्रकाशकाकडे उतरतो, कारण प्रकाशक मुलाकडचा. मग बैठक होते, देणंघेणं ठरतं, मुहूर्त निघतो. अक्षता पडल्या की मुलगी प्रकाशकाच्या घरी जाते, म्हणजे शहरात. पुस्तक छापून होतं आणि लेखिका चार दिवस नीट जेवत नाही. दिवाळीला पाठवतो, असं सगळेच प्रकाशक म्हणतात.

शैलजा पोतनीस यांनी या वेळी प्रकाशक करायचाच नाही असं ठरवलं.

शैलजाताईंचं बाजारपेठेत साडीला फॉल-पिको करून देण्याचं दुकान आहे आणि त्याच्या वर दोन खोल्या. दोन साड्यांच्या मधल्या वेळात त्या लिहितात. त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्यांत प्रकरणं लहान आणि पदर फार असतात. त्यांची मागची नायिका मालविका एका शहरी प्रकाशनात दिली होती. पुढे कधीतरी ताई सुया आणायला शहरात गेल्या, तेव्हा ती त्यांना फूटपाथवर दिसली.

“मुखपृष्ठ बदललेलं होतं,” ताई मला म्हणाल्या. “अंगावर भलत्याच बाईचा फोटो. शेवटचं प्रकरण गळून गेलेलं, म्हणजे पोरीचं लग्न तरी राहिलंय का नाही कुणास ठाऊक. मी हाक मारली. तिनं ओळख दिली नाही, आपटीकर.”

मी चष्मा पुसत बसलो.

“ही यामिनी मी कुणाला देणार नाही. हिचं पुस्तक मीच काढणार. मुखपृष्ठ मी निवडीन, किंमत मी ठरवीन. गठ्ठे माझ्या माळ्यावर राहतील, आणि फॉल लावायला येणाऱ्या बायकांना मी माझ्या हातानं एकेक प्रत देईन.”

“काढा की,” मी म्हणालो. “पण मुलाकडून कोण बसणार?”

ताईंच्या हातातली साडी तशीच राहिली. त्यांनी हा विचारच केला नव्हता. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस उभा राहू शकत नाही, आणि स्वतः पुस्तक काढायचं म्हणजे नेमकं तेच करायचं होतं.

तोवर त्यांचा नायक माझ्या छापखान्यात येऊन राहिला होता. प्रकाशक नाही म्हटल्यावर तो बिचारा जाणार कुठे? त्याचं नाव ऋतुराज. डोळे करडे, उंची भरपूर. पंखा बंद असतानाही त्याचे केस वाऱ्यावर उडायचे. कादंबरीत तो नेहमी दिवस मावळताना भेटतो, म्हणून तो बसे तिथे संध्याकाळ होई. सकाळी अकराला छापखान्यात तांबूस उजेड पडायचा, कागदाची रिमं उन्हात तापल्यासारखी सोनेरी दिसायची आणि माझे कामगार घरी जायला निघायचे. मला दिवसभर दिवे लावून ठेवावे लागत.

त्याला मी चहा द्यायचो. तो कप हातात धरून खिडकीतून दूर बघत राही आणि चहा निवून जाई. माझ्या खिडकीतून दूधडेअरीची भिंत दिसते. ती इतक्या ओढीनं आजवर कुणी पाहिली नसेल.

“अहो, प्या की गरम असताना,” मी म्हणायचो.

“काही गोष्टी थंड होण्यासाठीच असतात,” तो म्हणायचा. हे वाक्य पाचव्या प्रकरणातलं आहे. हस्तलिखिताचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं.

तिकडे यामिनीचं मात्र सगळं यथासांग होतं. तिची कादंबरीत रोपवाटिका आहे, म्हणून ताईंच्या दुकानात ओल्या मातीचा वास भरून राहिला होता. जवळपास झाड नसताना सकाळी तिच्या पदरात प्राजक्ताची फुलं सापडत. तिच्याबरोबर तिची आजी आली होती, दोन मामा आले होते आणि एक मैत्रीण, जी चौथ्या प्रकरणात रुसते आणि अजून रुसलेलीच होती. ताईंनी मुलीची सगळी माणसं जीव लावून लिहिली होती. यामिनी ताईंना आई म्हणायची आणि त्यांच्या मशीनपाशी बसून दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावायची. शैलजाताईंना मूल नाही. त्या दिवसांत त्यांचा चेहरा पाहिला की मला उगीचच पेढे वाटावेसे वाटत.

बैठक माझ्या छापखान्यात झाली. विनायकगुरुजींनी पंचांग उघडलं.

“मुलाचं पूर्ण नाव?”

“ऋतुराज,” तो म्हणाला.

“वडिलांचं?”

“माझा भूतकाळ विचारू नका. तिथे फक्त वारा आहे.”

“भूतकाळ नकोय मला,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “मामाचं नाव सांगा. मामा लागतो मागे उभा राहायला.”

ऋतुराज डेअरीच्या भिंतीकडे पाहू लागला. गुरुजींनी ताईंकडे पाहिलं. ताई खाली बघत होत्या.

“मी लिहिलंच नाही,” त्या म्हणाल्या.

यात त्यांची एकट्यांची चूक नव्हती. निरवडीत कुणीच लिहीत नाही. नायकाची माणसं प्रकाशक आणतो, त्याच्याकडे ती तयार असतात, म्हणून आमच्या लेखिका नायकाला डोळे देतात, आवाज देतात, एखादी जुनी जखमही देतात, पण आई देत नाहीत. आता ती घालणंही शक्य नव्हतं. ‘समाप्त’ लिहिल्यावर शुद्धलेखन तपासता येतं, नवा माणूस जन्माला घालता येत नाही.

ही बातमी शहरात कशी पोचली कुणास ठाऊक, पण दोनच दिवसांत एका प्रकाशनाचे व्यवस्थापक चिपडे गाडी घेऊन आले. गाडीत दोन काका, एक फेटेवाले आजोबा आणि मानपानावरून रुसायला एक आत्या होती. सगळी वापरातली, अनेक लग्नं लावलेली माणसं. आत्या उतरतानाच रुसली. गुरुजींना बोलावून छापखान्यात पुन्हा बैठक भरली.

“आम्ही बसतो मुलाकडून,” चिपडे म्हणाले. “आमची काही अट नाही. मुलगी तेवढी आमच्या घरी येईल. आणि नाव बदलावं लागेल. यामिनी हल्ली चालत नाही. मुखपृष्ठावर समुद्र घालू.”

“कादंबरीत समुद्र नाहीये,” ताई म्हणाल्या.

“असायला कशाला पाहिजे?”

पुस्तक छापायचं तर वरपक्ष हवा, आणि तो हा असा दारात उभा होता. नाही म्हटलं तर यामिनी जन्मभर दुकानात रिळं लावत राहणार, आणि ज्या मुलासाठी तिला लिहिलं तो माझ्या रिमांवर बसून चहा निववत राहणार. हो म्हटलं तर फूटपाथ. मला त्या आत्याला गाडीत परत बसवावंसं वाटत होतं, पण छापखानेवाल्यानं मध्ये बोलू नये.

यामिनी चहा घेऊन आली. कप खाली ठेवून ती ताईंच्या जवळ बसली.

“आई, तू त्यांच्या बाजूनं बस.”

“कुणाच्या?”

“ऋतुराजच्या. मला आजी आहे, मामा आहेत. तू मला सगळं दिलंस. त्याला कुणी नाही गं. एवढा उंच माणूस, आणि ‘जेवलास का’ म्हणून विचारायला कुणी नाही.”

“मग तुझी आई कोण?”

“आजी करेल कन्यादान.”

शैलजाताई उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. एकदा का त्या पलीकडच्या पाटावर बसल्या की मुलीवरचा हक्क संपला, हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुजींनी पंचांगात बोट घालून ठेवलं आणि वाट पाहिली. आत्यासुद्धा रुसायचं विसरली.

ताई परत आल्या त्या सरळ ऋतुराजपाशी गेल्या. त्यांनी त्याच्या उडणाऱ्या केसांवर हात ठेवला. केस बसले.

“लिहून घ्या, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “आई, शैलजा. आडनाव पोतनीस. कुलदैवत माझंच लावा.”

“आणि मामा?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे मी तुमचा भाऊ झालो,” मी म्हणालो.

“व्हा.”

मला भाचा नको होता. माझ्याकडे कामं तुंबली होती. पण मी खिशातून पेन काढून गुरुजींना माझं नाव नीट, काना-मात्रेसह लिहून दिलं. चिपड्यांनी आपली माणसं गाडीत भरली. जाताना फेटेवाल्या आजोबांनी मला हळूच विचारलं, तुमच्याकडे एखादी जागा आहे का म्हणून. मी पत्ता ठेवून घेतला.

मुहूर्त गोरज धरला. गुरुजी म्हणाले, हा मुलगा असताना दुसरा कुठला निघणारच नाही.

आमच्याकडे अक्षता पडतात तेव्हा मुलीची आई मांडवात नसते, ती तुळशीपाशी बसते. त्यामुळे इतक्या कादंबऱ्या लिहूनही शैलजाताईंनी आपल्या एकाही नायिकेचं लग्न पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी मंगलाष्टकं लांबून ऐकायची आणि तुळशीची पानं मोजल्यासारखी बघत बसायचं. या वेळी त्या मुलाच्या आई होत्या, म्हणून पुढे उभ्या होत्या. अंतरपाट दूर झाला. यामिनीच्या ओंजळीतून प्राजक्त सांडला, मांडवभर तांबूस उजेड पसरला, आणि ताईंनी अक्षता टाकायच्या सोडून त्या मुठीतच धरून ठेवल्या. मी मागे मामा म्हणून उभा होतो. मला सगळं थोडं धूसर दिसत होतं. चष्मा पुसूनही फरक पडला नाही.

मग तांदळाचं ताट आलं. नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. ऋतुराज बराच वेळ तांदळाकडे पाहत बसला आणि त्यानं ‘यामिनी’ लिहिलं.

“हे जुनंच आहे,” गुरुजी म्हणाले.

“हेच,” तो म्हणाला.

हे मी तपासलेल्या कुठल्याच प्रकरणात नव्हतं.

पाठवणीला आजी रडली, मामा रडले, मैत्रिणीचा रुसवा निघाला. ताईंना रडायला सवड नव्हती. सासूला आधी घरी पोचावं लागतं. त्या हातात साडी गोळा करून बाजारपेठेतून धावतपळत निघाल्या. फुलवाल्यांनी वाट दिली. आम्ही वरात घेऊन दुकानाशी पोचलो तेव्हा उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं आणि ताई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. सकाळी ज्या दारातून मुलगी बाहेर पडली त्याच दारात ती आता दुसऱ्याची म्हणून उभी होती, आणि ती आपल्याला काय म्हणून हाक मारेल याचीच त्यांना धास्ती होती. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

यामिनीनं माप ओलांडलं. तांदूळ थेट मशीनखाली गेले. तिनं वाकून नमस्कार केला.

“आई,” ती म्हणाली, “चहा ठेवू?”

आमच्याकडे सुना सासूला आईच म्हणतात. ताईंच्या हे लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि ओवाळायचं सोडून तिला जवळ घेतलं, आणि मग पोटभर रडल्या. ऋतुराजनं खिडकीत बसून चहा घेतला. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. त्यानं तो गरम असतानाच प्यायला आणि अजून अर्धा कप मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद चढवला. छापखान्यात स्वच्छ ऊन होतं. पानं भरून निघाली. प्रकाशकाच्या जागी ‘शैलजा पोतनीस’ असं ठळक आलं होतं आणि मुखपृष्ठावर समुद्र नव्हता.

सवयीप्रमाणे मी छापून निघालेल्या पानांचा एक फर्मा उचलून वाचू लागलो. तिसऱ्या प्रकरणात नदीकाठी यामिनी ऋतुराजला पहिल्यांदा विचारते, की तुम्ही कोण, कुठले. त्याच्या उत्तरात वाऱ्याचं वाक्य असायला हवं होतं. ते नव्हतं. तिथे छापलेलं होतं, “माझे मामा निरवडीला छापखाना चालवतात.”

लेखिकेच्या परवानगीशिवाय मजकुरात बदल करू नये, असा माझा नियम आहे. मी यंत्र थांबवलं, वाक्य दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं. मी यंत्र पुन्हा सुरू केलं.