चार चुलींच्या मधोमध

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी आंबागडात कोणी उपाशी राहत नाही. सुखराम राहिला, कारण त्याला जेवायला चार घरं होती.

चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार मुलांची घरं, चारही चुलींवर मटण. गेल्या मंडईला तो धाकट्या सुनेकडे, भावनाकडे जेवला, तर बाकीच्या तिघींनी होळीपर्यंत चहा विचारला नव्हता. म्हणून यंदा म्हातारा चौकाच्या मधोमध पारावर बसून होता. चहूकडून सुनांच्या हाका येत होत्या, "मामाजी, या नं जेवाले!" म्हातारा जागचा हलत नव्हता.

बारावीतली नात तृप्ती पुस्तक घेऊन शेजारी टेकली. "आबाजी, चार कोपऱ्यांवर सारखे चार्ज, मधात तुम्ही. समोरासमोरच्या ओढी एकमेकींले कापतात. तुमच्यावरचा फोर्स शून्य."

"पोटातली आग कुठं शून्य होते, पोरी! मले भावनाकडचं मटण पाहिजे, अन् बोलणे नाही खायाचे."

"मंग भावनाकाकीच्या समोरचा चार्ज उचला. बाजूच्या दोघी आपसात कटतात, उरते काकीचीच ओढ. तुम्ही थोडीच जाता? नियम नेते."

"समोर तं तुही माय राहाते!"

"तिले मी मंडईतल्या पाळण्यात बसवाले नेते."

तृप्तीच्या आईच्या, चंद्रकलाच्या हातचं मटण चावायला दात लागत आणि गिळायला धीर. म्हाताऱ्यानं लगेच होकार दिला.

मायलेकी कुलूप लावून गेल्या. सुखराम हातपाय धुवायला बोरिंगवर गेला. तेवढ्यात चंद्रकलाचे तुमसरचे पाहुणे सुमोभर उतरले. कुलूप पाहून चौकात उभे राहिले. डावीकडची सून म्हणे इकडं या, उजवीकडची म्हणे इकडं. पाहुणे दोघींच्या मधून सरळ भावनाच्या घरात शिरले. नियम काही एकट्या सुखरामासाठी नव्हता.

म्हातारा पोचला तेव्हा भावना मटणाचा रिकामा गंज पालथा घालत होती. "मामाजी, चंद्रकला जेठानीचे पाहुणे रस्साही पिऊन गेले!"

त्याला तिच्या दारात पाहून बाजूच्या दोघींनी आपापली दारं लावून घेतली होती. म्हातारा पुन्हा पारावर येऊन बसला.

दिवेलागणीला चंद्रकला तृप्तीसोबत परतली. सासरा पारावर तसाच. तिचे डोळे भरून आले. "मामाजी, तिघींकडं न जाता माहीच वाट पाहून राहिले? चला, गंज भरला हाये. एक फोडही नाही हलली!"

तृप्तीनं पारावर उघडं राहिलेलं पुस्तक मिटून घेतलं.

चंद्रकलानं तिसऱ्यांदा वाढलं, तरी म्हातारा चावतच होता. उलट्या बाजूनं ओढणारं कोणी उरलंच नव्हतं.