सुकदेव आण्णांची जरी

सुकदेव आण्णा कानात सांगतात ते पलीकडच्या गल्लीत पोचतं. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं, तोंडाशी हात धरला आणि सांगितलं, "सेक्रेटरीभाऊ, कोनाले सांगू नका, पाटीलची पोरगी पसंत पडनी बरं का धुळ्याले!" मी कोणालाही सांगितलं नाही. गरजच पडली नाही. समोरच्या गच्चीवरून पाटीलवहिनींचंच उत्तर आलं, "आण्णा, पेढे पाठवते हो!"

आण्णांची सारी उमर नवागामच्या यंत्रमागांवर गेली. मागांच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. खात्यात माणूस बोलत नाही, ओरडतो; तरीही ऐकू जात नाही म्हणून समोरच्याचे ओठ वाचतो. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण घरात शिरताना आपण चपला बाहेर काढतो, तसा आवाजही काढून ठेवावा, एवढी माझी माफक अपेक्षा होती. आण्णांचं खातं बंद पडलं, आण्णा घरी बसले, आवाज मात्र अजून कामावर आहे. ओठ वाचायची सवयही गेलेली नाही. तुम्ही बोलत असता आणि ते टक लावून तुमच्या तोंडाकडे बघत असतात. मी पुढचा तुटका दात बसवून घेतला, तो त्यांच्यामुळे.

त्यांची मंडळी शिरपूरला मुलाकडे राहते. नातवंडं सांभाळायला, असं आण्णा सांगतात. कानांना विसावा म्हणून, असं माझं मत. आण्णांचा फोन आला की सून तो खिडकीत ठेवते आणि भाकरी थापत राहते. हे आण्णांनीच मला अभिमानाने सांगितलं. "खिडकीमा ठेवं तरी सगळा घरले ऐकू येस!" फोन लवकर का संपतो, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नव्हता.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "माल बोलस, भाऊ!" म्हणजे माल स्वतःच बोलतो. कापड, आंबे, जावई, सगळ्यांना हीच कसोटी. हाताने चाचपायचं, मान मागे घ्यायची आणि निकाल द्यायचा. ही कसोटी लावून त्यांनी आणलेला टेबलफॅन पहिल्याच उन्हाळ्यात बोलायचा थांबला. मीही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी उत्तर दिलं असतं.

अशा माणसाने घोड्याचं शिंगरू विकत घ्यावं यात नवल नाही. आमच्या सोसायटीच्या घरांच्या रांगेत घ्यावं, याचं मला दुःख झालं. तापीकाठच्या यात्रेला गेले, ते येताना टेंपोतून हे जनावर घेऊनच उतरले. "बाप काठियावाडी, माय सातपुडानी टट्टू! माल बोलस!" मालाकडे मी नीट पाहिलं. एक कान बापाचा, डौलाने आत वळलेला. दुसरा आईचा, वारा नेईल तिकडे जाणारा. पुढून घोडा, मागून टट्टू, आणि मधल्या भागाचा निर्णय अजून व्हायचा होता. कपाळावर पांढरी रेघ, म्हणून नाव ठेवलं जरी. सुरतेची जरी मी ओळखतो. ही नव्हती.

घरामागे पत्र्याची पडवी घालून आण्णांनी तिला तिथे बांधलं. पडवीची मागची भिंत म्हणजे शेजारच्या चालू खात्याची भिंत. पलीकडे दिवसभर माग चालायचे, खट्टाक-खट, खट्टाक-खट, आणि अलीकडे जरी निवांत रवंथ केल्यासारखं तोंड हलवत उभी असायची. घोडे रवंथ करत नाहीत हे मी आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "हाई करस." खात्याला सुट्टी असली की मात्र तिचा ताल सुटायचा. माग थांबले की ती खिंकाळायची, पत्र्यावर लाथा झाडायची. म्हणजे आठवड्यात एक शांत दिवस आमच्या नशिबी होता, तोही आण्णांनी घालवला.

लीद, माश्या, पत्रा. सोसायटीची सभा झाली. मी सेक्रेटरी. जनावर हलवावं, असा विषय मांडला. आण्णा उभे राहिले, त्यामुळे माईक बंद करता आला.

"तुम्हले वाटस हाई साधं टट्टू शे? पुढल्या महिन्यात घोड्यांचं प्रदर्शन शे. तिठे मी इले उतारस. बक्षिसनी फीत लागनी तर जरी आठेच ऱ्हाई. नही लागनी तर वरातवाल्या रमणभाईले देई टाकसू. मरदनी जबान!"

मी हिशेबी माणूस आहे. फीत लागण्याची शक्यता मनात मांडून पाहिली, उत्तर शून्य आलं. म्हणून सगळ्यांत आधी हात मीच वर केला.

मग तयारी सुरू झाली. प्रदर्शनात मिश्र जातीच्या शिंगरांना खोगीर-लगाम नसतो. मालकाने तोंडाभोवती बांधलेल्या नुसत्या मोरकीची दोरी हातात धरून त्यांना रिंगणात चालवायचं, पळवायचं आणि परीक्षकासमोर चारी पाय नीट टेकवून उभं करायचं. म्हणजे घोड्याबरोबर मालकालाही पळावं लागतं. साठी ओलांडलेले आण्णा बनियन आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून खात्याच्या भिंतीलगत रोज जरीबरोबर पळू लागले. बहुतेक वेळा जरी पुढे असायची. मागावर ताण्याचे उभे धागे सरळ ठेवायला पोलादी दातांची फणी असते. तसली एक मोडकी फणी भंगारातून आणून आण्णा तिची शेपटी विंचरत. स्वतःच्या केसांना त्यांनी कधी कंगवा लावल्याचं मला माहीत नाही.

"भाऊ, तुम्ही संगे चाला," ते मला म्हणाले. मी जाणारच होतो. निकाल आण्णांच्या तोंडून ऐकायची कोणाचीच तयारी नव्हती.

प्रदर्शन शहराबाहेर, एका गावच्या मैदानात होतं. खात्याला सुट्टीचा दिवस. मैदानावर चुन्याचं रिंगण आखलेलं. इतरांची शिंगरं चकचकीत, त्यांचे मालक तलवारकट मिशांचे, फेटे बांधलेले. आमचे आण्णा सफारीत. लग्नातला सफारी होता, त्यातले आण्णा बदलले होते.

परीक्षक एक सडपातळ गुजराती गृहस्थ. त्यांनी हात वर करून लोकांना सांगितलं, "नवां जनावर छे, शांति राखो!" लोक मुकाट झाले. भोंगा बंद झाला. सगळं मैदान चिडीचूप.

आणि जरी जागच्या जागी थिजली.

आधी तिचे दोन्ही कान मागे पडले. मग डोळे पांढरे झाले, मग ती दोन पायांवर उभी राहिली. दोरीला लोंबकळत आण्णा ओरडले, "चाल व माय!" त्या आवाजाने रिंगणातली बाकीची सगळी शिंगरं उधळली. एका फेटेवाल्याचा फेटा एकीकडे, तो एकीकडे. परीक्षक कान दाबून म्हणाले, "काका, धीमे बोलो, धीमे!"

मी मनात म्हटलं, हेच वाक्य आम्ही इतकी वर्षं म्हणतोय.

आण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. त्या शांततेकडेच पाहिलं म्हणा ना. त्यांना काय उमगलं कोण जाणे, त्यांनी जरीचा तो आईकडचा कान धरला, तोंड जवळ नेलं आणि म्हणाले, "भिऊ नको व माय, मी शे ना." मग मान ताठ केली, छाती भरून घेतली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा माग सुरू केला.

"खट्टाक-खट! खट्टाक-खट! खट्टाक-खट!"

जरीने पाय खाली टेकले. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि त्या तालावर दुडक्या चालीने निघाली. सफारीतले आण्णा शेजारी पळताहेत, तोंडाने माग चालवताहेत, लोक पोट धरून हसताहेत. सुरतेचं पब्लिक, टाळ्याही वाजवू लागलं. मी लोकांत मिसळून उभा राहिलो, कोणी ओळख विचारू नये म्हणून. अर्ध्या फेरीत आण्णांचा दम संपला. माग बंद पडला, तशी जरीही बंद पडली. त्यांनी श्वास घेतला, माग सुरू केला, जरी निघाली. असे थांबत-चालत दोघांनी फेरी पुरी केली.

परीक्षकांनी जरीला डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिलं. शेपटी छान, म्हणाले. मान आखूड, मागचे पाय आत वळलेले, आणि दोन कानांचं आपसांत जमत नाही. "काका, इनाम घोडीनुं होय, मशीननुं नहीं."

फीत लागली नाही. माझं गणित बरोबर आलं. टेंपोतून परत येताना आण्णा एक अक्षर बोलले नाहीत. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसून रस्त्याचा आवाज ऐकू आला. तो मला फारसा आवडला नाही, पण ते खड्ड्यांमुळे असावं.

मरदनी जबान. दुसऱ्याच दिवशी जरी रमणभाईंच्या तबेल्यात गेली. पडवी रिकामी झाली, माश्या कमी झाल्या. सोसायटीत लोकांनी माझं अभिनंदन केलं.

तीनच दिवसांनी रमणभाई माझ्या दारात. "सेक्रेटरीसाहेब, पेला काका क्यां, ते ओरडणारे? घोडी बँडमध्ये मस्त चालते, बाजा थांबला की वेडी होते. माझ्या माणसाला चावली!"

मी आण्णांच्या घराकडे बोट दाखवलं.

आता लग्नसराईत आण्णा वरातीत असतात. पाठीवर कुणाला बसवण्याएवढी जरी अजून झालेली नाही, म्हणून तिला सजवून वरातीपुढे मिरवतात, आणि दोरी आण्णांच्या हातात. अंगात रमणभाईंनी दिलेला लाल कोट. ना नवरा ओळखीचा, ना नवरी; आण्णा मात्र घरचं कार्य असल्यासारखे पुढे. बँडच्या गदारोळात त्यांचं ओरडणं कोणालाच खटकत नाही. जेवायला बसतात तेव्हा चार वाढपी त्यांच्याशी तितक्याच जोराने बोलतात.

परवा एक वरात लिंबायतच्या चौकात अडली, तेव्हा मी भाजी घेऊन येत होतो. जनरेटर बंद पडला होता. दिवे गेले, भोंगे गेले, बँडवाले पाणी प्यायला पांगले. एकदम शांत झालं. जरीच्या गळ्यातले घुंगरू थरथरायला लागले. मी पिशवी खाली ठेवली. आता आण्णा माग सुरू करणार, चौकात हसं होणार, आणि मला ओळख दाखवावी लागणार.

आण्णांनी तिच्या मानेवर हात टाकला, गाल तिच्या गालाला लावला. घुंगरू हळूहळू थांबले. मी अगदी जवळ होतो, हात लांबवला असता तर त्या लाल कोटाला लागला असता. तरी मला काही ऐकू आलं नाही. ज्या माणसाला मी इतकी वर्षं हळू बोला, हळू बोला म्हणत आलो, त्याचा आवाज ऐकायला मी पुढे वाकलो.

नुसते ओठ हलत होते. ओठ वाचायला मला येत नाही. पण तेवढं वाचता आलं.

मी शे ना. मी शे ना.